ताप उतरला की आमची खरी ड्युटी सुरू होते

जुलै ते नोव्हेंबर आमचा मेडिसिन वॉर्ड म्हणजे निम्मा डेंग्यूचाच असतो. कोल्हापूरकडं पाऊस भरपूर, तरी नळाला पाणी येईल न येईल म्हणून गल्लोगल्ली बॅरल भरून ठेवलेले असतात, झाकण कुणी लावत नाही, आणि मग एकाच गल्लीतले तीन-चार पेशंट एकदमच येतात. नातेवाईकांचा प्रश्न ठरलेला असतो, "सिस्टर, पेशी किती झाल्या?" पेशी म्हणजे प्लेटलेट्स. दिवसभर तोच एक प्रश्न. मी बरीच वर्षं या वॉर्डला आहे आणि मला मनापासून वाटतं की डेंग्यूमध्ये सगळ्यांनी बघायचं ते दुसरंच असतं, आणि ते बघायला बेडजवळ उभी असलेली नर्सच लागते. गेल्या सीझनच्या एका पेशंटचं सगळं नीट लिहून काढते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

दुपारची ड्युटी होती. २ वाजता ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या ड्युटीकडून पेशंटची माहिती घेताना, सकाळच्या सिस्टरनी बेड ९ चं सांगितलं ते असं, तीस वर्षांच्या ताई, एनएस१ (डेंग्यूची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह, तापाच्या तिसऱ्या दिवशी ॲडमिट, आज पाचवा दिवस, सकाळपासून ताप उतरलाय, प्लेटलेट्स ५६ हजार, बाकी स्टेबल, उद्या बहुतेक सुट्टी. बेडवर बघितलं तर ताई उठून बसलेल्या, मिस्टर शेजारी स्टुलावर, चेहऱ्यावर सुटल्यासारखा आनंद. तीन दिवस १०३ ताप बघितलेल्या माणसाला ९८ दिसलं की आनंद होणारच, त्यांचं काही चुकीचं नाही. पण डेंग्यूमध्ये ताप उतरतो तीच वेळ धोक्याची. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप खाली येतो आणि नेमकं तेव्हाच काही पेशंटच्या रक्तवाहिन्या गळायला लागतात, रक्तातला पातळ भाग म्हणजे प्लाझ्मा बाहेर झिरपून छातीत पोटात साठतो. हे गळणं २४ ते ४८ तास चालतं. बहुतेकांना काही होत नाही, ताप उतरला की ते खरंच बरे होतात. कुणाला होणार आणि कुणाला नाही हे आधी कपाळावर लिहिलेलं नसतं, म्हणून त्या दीड-दोन दिवसात बघत राहणं हीच ट्रीटमेंट.

माझ्याबरोबर जीएनएम नर्सिंग कोर्सच्या तिसऱ्या वर्षाची एक मुलगी पोस्टिंगला होती, हुशार आणि कामाला चटपटीत. ती म्हणाली, सिस्टर, ताप नाहीये तर बेड ९ चं पुढचं टीपीआर (ताप, पल्स, श्वास) आणि बीपी संध्याकाळी ६ ला घेऊ का. मी तिला चार्ट उघडायला लावला आणि सांगितलं, एक रकाना वाचू नकोस, सकाळपासूनचं सगळं खालपर्यंत वाच.

सकाळी ६ ला ताप १००.२, पल्स ८८, बीपी ११०/७०. १० वाजता ताप ९८.६, पल्स ९४, बीपी १०८/७४. आम्ही २ ला घेतलं तेव्हा ताप ९८.४, पल्स १०२, बीपी १०४/७८.

यातला कुठलाही एक आकडा घ्या आणि कुणालाही विचारा, तो म्हणणार ठीक आहे. १०४/७८ ला कोण घाबरतं? पण तिन्ही ओळी एकाखाली एक ठेवल्या की दिसतं, ताप उतरतोय आणि पल्स मात्र वाढतेय. ताप कमी झाला की पल्स पण कमी व्हायला पाहिजे, इथं उलटं चाललंय. आणि बीपीचा वरचा आकडा हळूहळू खाली येतोय, खालचा वर चढतोय. दोन्हीतला फरक सकाळी ४० होता, १० ला ३४, आता २६. हा फरक २० किंवा त्याच्या खाली गेला तर डेंग्यूमध्ये ते शॉकचं लक्षण धरतात, वरचं बीपी शंभर असलं तरी. शरीर काय करतं, आतलं पाणी कमी पडलं की हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळून धरतं म्हणजे मेंदूला हृदयाला रक्त पुरेल, त्या आवळण्यानं खालचं बीपी वाढतं आणि वरचं बराच वेळ टिकून राहतं. पेशंट बोलत असतो, ओळखत असतो, चहा मागतो. आणि मग जेव्हा वरचं बीपी पडतं ना तेव्हा एकदमच पडतं आणि फार उशीर झालेला असतो.

आधी मी औषधाचा कागद बघितला, शेवटची पॅरासिटामॉल कधी दिली. रात्री १० ला. म्हणजे ताप गोळीनं दबलेला नाही, आपला आपणच उतरलाय. हे बघणं फार गरजेचं असतं, नाहीतर गोळीनं उतरलेल्या तापाला आपण ताप गेला म्हणतो आणि धोक्याचा काळ कधी सुरू झाला तेच कळत नाही. मग सकाळचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीचा रिपोर्ट. सगळ्यांनी प्लेटलेट्सभोवती पेनानं गोल केलेला, १ लाख ३८ हजार, ९४ हजार, ५६ हजार. त्याच कागदावर वर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशींचा भाग किती टक्के, ते असतं, त्याच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही. ॲडमिट झाल्या तेव्हा ३६, काल ३८, आज सकाळी ४१. आमटी आटली की पाणी जातं आणि डाळ तेवढीच राहते, तसं प्लाझ्मा बाहेर गेला की लाल पेशी तेवढ्याच राहतात आणि रक्त घट्ट होतं, म्हणून हा आकडा चढतो. प्लेटलेट्स भराभर उतरतायत आणि हिमॅटोक्रिट चढतंय, हे दोन्ही एकत्र दिसणं डब्ल्यूएचओच्या २००९ च्या गाइडलाइनमध्ये धोक्याच्या लक्षणांत सरळ लिहिलेलं आहे.

म्हणून त्या मुलीला सांगितलं, ६ ला नाही, दर अर्ध्या तासानं, आणि मशीननं नाही, हातानं. आमचं मशीन चांगलं आहे पण फरक कमी झाला, हात गार पडले की मशीन कधी कधी भलताच आकडा दाखवतं किंवा परत परत फुगत राहतं, आणि कफ दंडाच्या मापाचा नसेल तर आणखीच गोंधळ. स्टेथो लावून कानानं ऐकलेलं बीपी वेगळं असतं. तसंच श्वास. टीपीआरच्या चार्टवर श्वासाच्या रकान्यात सगळीकडं २०, २०, २० लिहिलेलं असतं हे आपल्या लाइनमधल्या सगळ्यांना माहितीय. पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजला तर तो बऱ्याचदा २० नसतोच. ताईंचा मी मोजला, २२ होता.

मग त्यांच्याशी बोलत बसले. बोलताना बरंच कळतं. पोट दुखतंय का विचारलं तर म्हणाल्या थोडं दुखतंय इथं वरती उजवीकडं, गॅस असेल. उलटी? सकाळपासून दोनदा. हे चार्टवर नव्हतं, कारण सकाळी घरून पपईच्या पानाचा रस आणला होता, तो प्यायल्यावर उलटी झाली म्हणून मिस्टरांनी ती रसाची उलटी म्हणून सोडून दिली. ओरडायचं नाही अशा वेळी, मी फक्त म्हटलं, दादा आता काही पाजू नका, ओआरएस आणि नारळपाणी घोट घोट, आणि प्रत्येक उलटी मला सांगा, कशामुळं झाली ते आम्ही ठरवू. लघवी कधी झाली विचारलं तर ताईंना आठवेना, साडेअकराच्या सुमाराला गेल्या होत्या म्हणाल्या. मावशींना भांडं आणून द्यायला सांगितलं, आता बाथरूमला चालत जायचं नाही आणि प्रत्येक वेळी मोजायची.

४ वाजता मी स्वतः गेले. मला काहीतरी बदललंय हे चार पावलं आधीच कळलं. ताई बसलेल्या होत्या त्या आता आडव्या, सारखी कूस बदलत होत्या, मिस्टरांना म्हणत होत्या मला घरी न्या, इथं कोंडल्यासारखं होतंय. नातेवाईकांना वाटतं पेशंट कंटाळला. डेंग्यूच्या पाचव्या दिवशी अस्वस्थ झालेला पेशंट कंटाळलेला नसतो, निदान तसं धरून चालायचं नाही. मी हात हातात घेतला तर बोटं गार आणि ओलसर. वॉर्डात पंखा होता, थंडी नव्हती. पाय बघितले, तळपाय पण गार. अंगठ्याचं नख पाच सेकंद दाबून धरलं आणि सोडलं, पांढरं झालेलं नख परत गुलाबी व्हायला तीन सेकंद लागले. याला कॅपिलरी रिफिल म्हणतात, दोनच्या आत यायला पाहिजे. त्या मुलीला पण करायला लावलं, दुसऱ्या बेडवरच्या बऱ्या पेशंटचं आणि मग यांचं, म्हणजे फरक तिच्या डोळ्यात बसेल. पल्स ११२, मनगटाला बारीक लागत होती. बीपी १००/८२. फरक १८.

आरएमओ, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टर सरांना फोन लावला. फोनवर कसं बोलायचं याची एक पद्धत आम्हाला शिकवलीय, एसबीएआर म्हणतात, मुळात अमेरिकन नौदलातून आलेली, आधी आत्ता काय झालंय, मग पेशंटची पार्श्वभूमी, मग मला काय वाटतंय, आणि शेवटी मला तुमच्याकडून काय पाहिजे. यातलं तिसरं आणि चौथं आपण नर्सेस गाळतो. आकडे सांगतो आणि गप्प बसतो, वाटतं डॉक्टरांना कळेल. पण फोनच्या पलीकडं माणूस कॅज्युअल्टीत तीन पेशंटच्या मधे उभा असतो, त्याला आपण बघितलंय ते दिसत नसतं.

मी म्हटलं, "सर, बेड ९, डेंग्यू, पाचवा दिवस, मला ही पेशंट शॉकमध्ये चाललीय असं वाटतंय. ताप सकाळपासून उतरलाय, गोळी न देता. पल्स ८८ वरून ११२, बीपी १००/८२, फरक १८. हातपाय गार, कॅपिलरी रिफिल तीन सेकंद, दोन उलट्या, पोट दुखतंय, साडेअकरानंतर लघवी नाही. हिमॅटोक्रिट ३६ चं सकाळी ४१ झालंय. तुम्ही आत्ता येऊन बघायला पाहिजे."

सर म्हणाले, "बीपी शंभर आहे ना सिस्टर, आरएल सलाईन चालू ठेवा, मी कॅज्युअल्टी आवरून येतो."

मी परत म्हटलं, "सर, वरचं शंभर आहे, खालचं ब्याऐंशी आहे. फरक अठराच आहे. मी सीबीसीचं सॅम्पल काढतेय आणि दुसरी लाइन टाकतेय, तुम्ही या."

दोन सेकंद काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, आलो. आणि आले पण, पाच-सात मिनिटांत. मला त्यांचा आदर वाटतो यासाठी. ते आले नसते तर पुढचा फोन कन्सल्टंट मॅडमना जाणार होता. आमच्याकडं ऑनकॉलची यादी काउंटरला लावलेली असते आणि त्या क्रमानं वर जायला नर्सला कुणाची परवानगी लागत नाही. ज्या हॉस्पिटलमध्ये लागते तिथं नवीन मुली घाबरून फोनच करत नाहीत, आणि मग पेशंटचं नुकसान होतं. हे इनचार्ज सिस्टरनी आणि मेट्रननी ठरवायचं असतं, मुलींच्या हिमतीवर सोडून चालत नाही.

सर येईपर्यंत आम्ही मोठ्या साइजचं व्हेनफ्लॉन, म्हणजे सलाईनसाठी शिरेत घालायची नळी, दुसऱ्या हाताला घातलं. प्लेटलेट्स कमी असताना परत परत टोचणं नको म्हणून मी स्वतः घातलं, आणि नंतर त्या जागेवर नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबून धरायचं. सॅम्पल ब्रदरच्या हातात दिलं, लॅबला फोन करून सांगितलं की हिमॅटोक्रिट आधी कळवा, प्लेटलेट नंतर चालतील. लॅबवाल्याला जरा नवल वाटलं. रिपोर्ट आला ४४. छत्तीसचे चव्वेचाळीस म्हणजे वीस टक्क्यांच्या वर वाढ.

सरांनी तपासून मॅडमशी बोलून फ्लुइड ठरवलं. वजन ६० किलो, पहिल्या तासाला किलोमागं ७ एमएल, म्हणजे ४२० एमएल आरएल. इथं नर्सचं गणित चोख पाहिजे. इन्फ्युजन पंप आमच्या वॉर्डात एकच, तो दुसऱ्या पेशंटला इन्सुलिनसाठी लावलेला. साध्या आयव्ही सेटला २० थेंबांचा एक एमएल, तर तासाला ४२० म्हणजे मिनिटाला १४० थेंब, ते डोळ्यांनी मोजणं अवघड, म्हणून बाटलीवर पट्टी चिकटवून पाव-पाव तासाच्या खुणा केल्या, किती वाजता पाणी कुठपर्यंत उतरलं पाहिजे. सेट मायक्रोड्रिपचा नाही ना हे आधी बघायचं, त्यात ६० थेंबांचा एक एमएल असतो आणि गणित तिप्पट चुकतं. (हे आकडे त्या पेशंटसाठी डॉक्टरांनी ठरवलेले आहेत, प्रत्येकाचं वेगळं असतं.)

तो तास मी बेडजवळच होते म्हटलं तरी चालेल. बाकीचे पेशंट माझ्या जोडीदार सिस्टरनी सांभाळले, तिच्याशी नीट बोलून वाटून घेतलं, कारण एका पेशंटकडं धावताना बाकी वॉर्ड उघडा पडतो आणि त्यातच दुसरं काहीतरी होतं. ५ वाजून १० मिनिटांनी हात जरा कोमट लागले. साडेपाचला पल्स ९८, बीपी १०४/७६, फरक २८, नख दोन सेकंदांच्या आत गुलाबी. ५ वाजून ५० मिनिटांनी ताई म्हणाल्या लघवी लागली. दीडशे एमएल झाली. इनटेक-आउटपुट चार्टवर तो आकडा लिहिताना मला जे वाटलं ते नर्सच समजू शकेल. मग फ्लुइड उतरवत नेलं, किलोमागं ५, तासाला ३००, दोन तास. नंतर ३, म्हणजे तासाला १८०, मिनिटाला ६० थेंब. रात्रीच्या हिमॅटोक्रिटला ४० आलं.

मधे मिस्टर बाहेर व्हरांड्यात उभे होते, फोनवर कुणाला तरी प्लेटलेटची पिशवी बघायला सांगत होते, पाच डोनर तयार होते म्हणे. मी त्यांना आत बोलावून समजावलं की दादा, आत्ता जो त्रास झाला तो प्लेटलेटनं झालेला नाही, पाणी कमी पडल्यानं झाला. रक्तस्राव नाहीये, हिरड्यातून नाही, शी काळी नाही, पाळीचं नाही, हे आम्ही दर तासाला विचारतोय. नुसता आकडा कमी आहे म्हणून प्लेटलेट चढवल्या तर फायदा होत नाही, उलट ते पण जास्तीचं पाणीच. ते ऐकून घेत होते पण डोळ्यात भीती होती. मग मी त्यांना काम दिलं, ताईंचे हातपाय गार लागतात का बघायचे, आणि गार लागले तर लगेच हाक मारायची. त्यांनी रात्रभर ते केलं असं रात्रीच्या सिस्टर सांगत होत्या.

ओव्हर देताना मी "स्टेबल" हा शब्द वापरला नाही. रात्रीच्या दोघींना बेडजवळ नेऊन सांगितलं, बीपी हातानं दर तासाला, फरक २५ च्या खाली आला, लघवी तासाला ३० एमएलपेक्षा कमी झाली किंवा पेशंट अस्वस्थ वाटली तर थांबायचं नाही, सरांना बोलवायचं, त्यांना माहितीय. इंट्रामस्क्युलर, म्हणजे स्नायूतलं इंजेक्शन काही द्यायचं नाही, दुखण्याला पॅरासिटामॉलशिवाय काही नाही, डायक्लो, ब्रुफेन, ॲस्पिरिन अजिबात नाही.

दुसरा धोका नंतर येतो, आणि त्यावर कमी बोललं जातं. वाहिन्यांचं गळणं थांबलं की बाहेर गेलेलं पाणी परत रक्तात येतं. तेव्हा सलाईन तसंच चालू राहिलं तर ते सगळं फुफ्फुसावर येतं. सातव्या दिवशी सकाळी माझी ड्युटी होती, ताईंना किलोमागं २ नं तासाला १२० चालू होतं. भूक लागलेली, पायावर लाल पुरळ आणि मधे मधे पांढरे ठिपके, खाज सुटलेली, ही बरं होण्याची खूण. पण श्वास मोजला तर २४, ऑक्सिजन ९४, आडवं झालं की खोकला. हिमॅटोक्रिट ३४. लघवी भरपूर. हातपाय गरम, बीपी ११८/७४. म्हणजे पाण्याची गरज संपलीय. राउंडची वाट न बघता मॅडमना फोन केला, त्यांनी सलाईन बंद करायला सांगितलं, आम्ही डोक्याकडची बाजू वर केली, छातीचा एक्सरे झाला, उजवीकडं थोडं पाणी होतं. दुसरं काही करावं लागलं नाही, संध्याकाळपर्यंत श्वास १८ वर आला. प्लेटलेट्स त्या दिवशी ३२ हजार होत्या, आधीपेक्षा कमी, आणि पेशंट आधीपेक्षा कितीतरी बरी होती. हे मी मिस्टरांना दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून दाखवलं.

त्या आठवड्यानंतर इनचार्ज सिस्टरना सांगून आम्ही डेंग्यूच्या चार्टला दोन रकाने वाढवले, एक बीपीतल्या फरकाचा आणि एक शेवटच्या पॅरासिटामॉलच्या वेळेचा. प्लेटलेटच्या शेजारी हिमॅटोक्रिट लिहिल्याशिवाय रिपोर्ट फाइलला लावत नाही. कामं वाढली म्हणून सुरुवातीला कुरकुर झाली, ती रास्त होती, रात्री दोघींना अठ्ठावीस पेशंट बघायचे असतात. म्हणून सगळ्यांचं नाही, फक्त तिसऱ्या ते सातव्या दिवसातल्यांचंच तासाला करायचं ठरवलं आणि त्यांचे बेड काउंटरसमोर घेतले.

सुट्टी दिली तेव्हा ४८ तास ताप नव्हता, सलाईनशिवाय हिमॅटोक्रिट स्थिर, प्लेटलेट्स चढत ७० हजारांवर, दोन वेळचं जेवण पोटात टिकत होतं. कागद घेताना मिस्टर म्हणाले, सिस्टर, शेजारच्या पोराला पण ताप आलाय, आज तिसरा दिवस, एनएस१ पॉझिटिव्ह, घरीच आहे. मी त्यांना परत खुर्चीवर बसवलं. म्हटलं, लिहून घ्या. पॅरासिटामॉलशिवाय दुखण्याची दुसरी गोळी नको. लघवी दिवसातून किती वेळा होतेय ते मोजा, चार-सहा तासांत झाली नाही तर आणा. उलट्या थांबत नसतील, पोट दुखत असेल, नाकातून हिरड्यातून रक्त, शी काळी, पोरगं फार झोपाळलं किंवा विनाकारण चिडचिडं झालं, हातपाय गार पडले, तर पेशींचा आकडा कितीही असू दे, लगेच आणा. रोज सीबीसी करा आणि प्लेटलेट्स, हिमॅटोक्रिट दोन्ही आकडे बघा. आणि ताप उतरला म्हणून शाळेत पाठवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून घ्या.

त्यांनी डिस्चार्जच्या कागदाच्या मागं सगळं लिहून घेतलं, आणि तिथूनच शेजाऱ्यांना फोन लावला.